दुकानामागची भिंत

७ मार्च
केसांत अजून प्लास्टरची धूळ! सरांनी आमचीच इमारत माझ्याकडे दिलीय. गेल्या महिन्याच्या भूकंपाच्या धक्क्यानंतर तिचीही तपासणी निघाली. "घरचं काम आहे, डोळेझाक करू नकोस," म्हणाले. मी? घरातली पहिली पदवी, तीही इंजिनिअरिंगची, काय डोळेझाक करायला घेतली!

चार मजले भिंतींनी गच्च. तळाला मात्र गाड्यांसाठी मोकळं, नुसते खांब — आणि कोपऱ्यात बाबांचं शिलाईचं दुकान. वर पैलवान, खाली काडी पाय.

९ मार्च
एका खांबाचं प्लास्टर काढलं. उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगा फार लांब लांब. मोठा हादरा आला की सळया फाकणार. बाबांना सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे टाके लांब घातलेत. गिऱ्हाईक वाकलं की उसवणार!" अहवालात असं लिहिता आलं असतं तर!

मग विचारतात, "इमारतीचा भार कोण उचलतं गं? खांब की भिंती?" म्हटलं, खांब. शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. इतके गोड दिसले!

१० मार्च
घरं रिकामी करावी लागतील अशी कुणकुण सगळ्यांना लागलीय. वरच्या मावशींनी जिन्यात गाठलं. "एवढी शिकलीस ती आम्हाला रस्त्यावर आणायला का गं?" आणि त्याच दमात, "जेवलीस का?"

१३ मार्च
गणित सुटलं! जमीन हलली की इमारतीला आडवा धक्का बसतो, आणि तो सोसायला दुकानाच्या विटांच्या भिंती खांबांना साथ देताहेत. त्यांच्या भरवशावर एकेक खांब जाड करत जायचं. घर कोणालाच सोडायला नको! सरांनाही पटलं. मावशींनी गाल ओढला, अजून दुखतोय.

बाबा नुसते गालातल्या गालात हसत होते. "उद्या कामावरून आलीस की दुकानात ये. आधी नाही हं!"

१४ मार्च
दुकानामागची भिंत नाही. अख्खी पाडलीय. तिथे टेबल, खुर्ची, आणि बाबांनी स्वतः रंगवलेली माझ्या नावाची पाटी. "तुझं ऑफिस! खांबाला बोटही लावलेलं नाही बघ. तूच म्हणालीस ना, भार खांब उचलतात!" डोळे भरलेले त्यांचे.

मी आधी त्या खुर्चीवर बसले. पाटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाबा, आईला खाली बोलवा. सगळ्यांनाच बोलवा — आजच्या आज घरं रिकामी करायची."