बाबांची दिल्ली

रितेश,

आशीर्वाद मागाहून, आधी उत्तर दे. बाबांना दिल्ली दाखवायचं तुझ्या डोक्यात अचानक कुठून आलं?

परत आल्यापासून ते बंदरावर सगळ्यांना सांगत सुटलेत. लाल किल्ला बघितला, कुतुबमिनार बघितला, जामा मशिदीजवळ कबाब खाल्ले. मासा तेवढा शिळा होता, म्हणे. आणि रोज संध्याकाळी पोराने स्वतःच्या हाताने ग्लास भरून दिला! गेल्या शिमग्यात तूच त्यांच्या हातातली बाटली हिसकावून खाडीत फेकली होतीस. "लिव्हर खराब झालंय त्यांचं, ताई," म्हणून माझ्यावरही ओरडलास.

मी म्हटलं, याला बाबांची होडी हवी. बाबांना खूश करायचं आणि माझा हिस्सासुद्धा आपल्या नावावर करून घ्यायचा. म्हणून त्यांना खोदून खोदून विचारलं, रितेशने काय मागितलं?

"काय नाय गो. जाताना मुंबईत डाक्टरला दाखवलान. मग दिल्लीत नुसते फोटो काढलान."

फोटो बघितले. त्यात ना किल्ला, ना मिनार. नुसता बाबांचा चेहरा, केस नीट विंचरलेले, मागे कोरी भिंत. आपल्या भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो आहे ना, अगदी तसा.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू खरं सांगशील.

तुला होडीच हवी आहे, एवढंच म्हण रे. सगळी घेऊन टाक.

तुझी ताई,
हिरा