गोगलगायींचं पुनर्वसन

३ जुलै, सकाळ
रोपवाटिकेत पाहुण्या आल्यात. तळहाताएवढ्या गोगलगायी. बाबांच्या मते, शोभेच्या झाडांचा माल बाहेरून मागवला त्याच्या मातीतून आल्या. मुळात इथल्या नाहीतच. म्हणाले, वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, दुसरा इलाज नाही. काम माझ्याकडे. मी म्हटलं, काळजीच करू नका.

३ जुलै, दुपार
एक उचलली. तिने शिंगं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मिठाचं पाणी तयार होतं. मी तयार नव्हते.
निर्णय: मारायच्या नाहीत, हलवायच्या. नाल्यापलीकडे मोकळी जागा आहे. नाल्याला पाणी असतं, त्यामुळे परत येण्याचा प्रश्न नाही. पुढे शेजारच्या काकांचा कोबी आहे, पण तो बराच पुढे आहे. बाबांना बारीकसारीक सांगून त्रास कशाला? वेचायला सांगितलं, वेचल्या.

६ जुलै
पहाटे उठते, बादली भरते, पूल ओलांडते. जोड्या शक्यतो सोबत सोडते; उगाच कुणाचा संसार मोडायला नको. आत्याने विचारलं, रोज बादली घेऊन कुठे जातेस गं, दूध घालायला? मी म्हटलं, खत टाकायला. हे खोटं नाही. बादलीत गोगलगायींची घाणही असतेच, आणि घाण म्हणजे शेवटी खतच.

११ जुलै
आज वाटिकेत एकही नाही! बाबा म्हणाले, पोरीने करून दाखवलं. बाबा सहसा कौतुक करत नाहीत. मला अक्षरं त्यांनी कुंड्यांवरच्या पाट्यांवरून शिकवली, तेव्हाही बरोबर वाचलं की नुसतं 'हं'. शिवाय बागवाल्यांची लिंबाच्या कलमांची मोठी ऑर्डर आली. आत्या म्हणाली, आता वर्षभर घर चालेल, छपराचंही बघता येईल.
मिठाची पिशवी जवळजवळ तशीच होती. स्वयंपाकघरात परत ठेवली. काटकसर.

१९ जुलै
वाटिकेत पुन्हा थोड्या दिसल्या. नव्या असाव्यात, चेहऱ्याने ओळखीच्या वाटल्या नाहीत.
संध्याकाळी काका आले. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. म्हणाले, अरे, शेतात कोबी लावला होता की चाळण्या, तेच कळेना झालंय. बाबा हळहळले. मीही, अगदी मनापासून. अशा गोष्टी कुठूनही येऊ शकतात. वाऱ्याने वगैरे.
खबरदारी: यापुढे जोड्या वेगवेगळ्या सोडायच्या. वाईट वाटेल, पण प्रजा थांबेल.

२६ जुलै
काकांना मदत करायचीच म्हणून त्यांच्या शेतातल्याही वेचल्या. काका म्हणाले, तुझ्यासारखी मुलगी हवी होती मला. बादली काठोकाठ भरली. या कुठे सोडायच्या, हा प्रश्नच होता. बराच विचार केला. शेवटी नाल्याच्या अलीकडे, आमच्या कुंपणामागे सोडल्या. तात्पुरत्या.

२ ऑगस्ट
काकांचा कोबी गेला. नुसते दांडे उभे आहेत. काका दारातूनच ओरडले, तुझ्या कुंड्यांतून आली ही पीडा! बाबा म्हणाले, माझ्या पोरीने एकूणएक वेचून मारल्यात, तिच्या कामाबद्दल बोलायचं नाही. काका म्हणाले, मग बोलावतो शेती खात्याच्या साहेबांना. बाबा म्हणाले, बोलाव, आत्ता बोलाव.
मी सांगणारच होते. पण मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नये, हे बाबांनीच शिकवलंय.

५ ऑगस्ट
साहेब आले. ऑर्डरच्या कलमांच्या कुंड्या उकरल्या. आत अंडी, मटारापेक्षा लहान, पिवळसर, घोसच्या घोस. साहेब म्हणाले, यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं, सगळ्याच अंडी घालतात. म्हणजे जोड्या फोडल्या त्या फुकटच. म्हणाले, ही जात एकदा घुसली की पीक खाते, मजुरी खाते, औषधाचा खर्च खाते, किती खाल्लं हे मोजण्याचाही खर्च होतो.
मग नाल्यापलीकडे गेले. तिथे ढीग. साहेब म्हणाले, एवढ्या आपण होऊन पूल ओलांडत नाहीत, कुणीतरी आणून टाकल्यात. काकांनी बाबांकडे पाहिलं. आत्याने माझ्याकडे.
बाबा म्हणाले, मीच टाकल्या.
बाबा कधी खोटं बोलत नाहीत. म्हणजे त्यांनीही थोड्या टाकल्या असणार.

९ ऑगस्ट
सगळी कलमं खड्ड्यात गेली. वर चुना. वाटिकेला विक्रीची बंदी. बागवाल्यांनी दुसरीकडे ऑर्डर दिली. खड्ड्यात लोटण्याआधी बाबांनी प्रत्येक कुंडीवरची पाटी काढून घेतली, धुतली, पुसली. आता लावणार कशाला, ते मी विचारलं नाही.
आत्या म्हणाली, एवढ्याशा जिवाने घर खाल्लं. मी म्हटलं, हो ना, परदेशी जात. आत्या उठून आत गेली. नंतर लक्षात आलं, ती कदाचित गोगलगायींबद्दल बोलत नव्हती.

१२ ऑगस्ट
काका बाबांशी बोलत नाहीत. तरी बाबा रोज पहाटे मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन त्यांच्या शेतात वेचायला जातात. काका बांधावर पाठ करून बसतात. मी म्हटलं, मीही येते. बाबा म्हणाले, तुला जमायचं नाही, बाळा. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.
निश्चय: उद्यापासून जायचंच.

१३ ऑगस्ट
पाय जरा मुरगळल्यासारखा वाटतोय. उद्या.

१६ ऑगस्ट
गेले. एक उचलली. तिने शिंगं बाहेर काढली. बाबांनी डबा पुढे धरला.  हात अवघडला तसा डबा दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा पुढे धरला.
टाकली.
आवाजसुद्धा झाला नाही. एवढंच होतं.