फ्रीजमधल्या दहा बाटल्या

तंजावूर,
३ मार्च २०२५, पहाटे ५ वाजून १० मिनिटं. फ्रीज गरम पाण्यानं तिसऱ्यांदा पुसून लिहायला बसलो.

चि. विनुतास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

परीक्षा होईपर्यंत तुमच्या वॉर्डनबाई फोन कपाटात कोंडतात, म्हणून आजोबांनी गिरवून घेतलेली बाळबोध अक्षरं काढावी लागली. बरंच झालं, हे बोलून सांगताना मला ओकारी आली असती.

आपल्या मेसचं दही काढायला फ्रीज उघडला. पातेल्याला टेकून दहा बाटल्या. वाटलं, आईनं चटणी भरून ठेवलीय. एकीचं झाकण उघडलं. विनू, शेण! ज्या फ्रीजमधून साठ डब्यांना दही जातं, त्यात! दही मोरीत ओतलं, बाटल्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. हाताचा वास अजून जात नाही.

आईला वाटलं, काल रविवारी तू आम्हाला भेटायला आलीस. तू दिवसभर तिरुवैयारूचे गोठे हिंडलीस. एम.एस्सी. म्हणजे पुस्तकं वाचणं, असं मी दहावीत शाळा सोडलेला माणूस समजतो. अप्पांचं म्हणणं तुला ठाऊक आहे: आणखी एक विषय राहिला, तर पेटी उचलून घरी. तुला माझ्या शेजारी डबे बांधताना मला पाहायचं नाही. गोठे सोड, नोट्स पाठ कर.

रागावलो तरी माया तेवढीच आहे, ती ठेवून घे.

तुझा,
भरद्वाज


तिरुच्ची,
६ मार्च

ती. अण्णास विनुताचा सा. न. वि. वि.

तू फेकल्यास त्या माझ्या प्रकल्पाच्या शेवटच्या दहा बाटल्या. चाळीस गाईंच्या शेणातली जंतांची अंडी मोजायची, तीस झाल्या होत्या. थंड राहाव्यात म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि बसच्या घाईत विसरले. ती चूक माझीच. पण चौदा तारखेला प्रकल्प दिला नाही, तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मग आहेच अप्पांची पेटी.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, दहा आकडे तूच घाल, शेण कोण उघडून बघतंय. आमच्या वर्गानं तर चाळीसच्या चाळीस कँटीनमध्ये बसून भरले. माझ्या खोलीतल्या रम्यानं बसच्या तिकिटांवरचे आकडे उचलले. मग सगळ्या सिनेमाला गेल्या. मीही गेले, खूप हसले, परोटा खाल्ला. परत येऊन मीही दहा आकडे लिहिले. लिहून झाल्यावर किळस आली. शेणाची मला कधी आली नाही. ते हात धुतले की जातं. पान फाडलं, पण त्या जागी लिहू काय? इथं रोज प्रॅक्टिकल, सुटी नाही. तुला गोठ्यांवर जा म्हणावं, तर तू वांग्यात अळी दिसली की टोपलीसकट वांगी रस्त्यावर टाकतोस.

दह्याबद्दल माफ कर, आणि मला टाकू नकोस.

तुझी,
विनुता


तंजावूर,
१० मार्च

चि. विनूस आशीर्वाद.

या पत्राबरोबर थर्माकोलची पेटी आहे, तुमच्या रखवालदाराकडे मी स्वतः देऊन जातोय. दहा बाटल्या. बर्फ मासळीच्या दुकानातला. तोही एक विटाळ. पण मेसच्या फ्रीजला पुन्हा हा प्रसाद दाखवणार नाही.

काल मोपेडवरून तिरुवैयारूला गेलो, तू कुठल्या गोठ्यांतून शेण नेलंस ते विचारत हिंडलो. तुझ्या त्या गोठेवाल्या शेषम्मानं मला पाहून पदर तोंडाला लावला. म्हणाली, बहीण हातानं घेते, भावाला चमचा लागतो होय? गाईच्या मागं उभं राहून वाट बघायची, हा काय अभ्यास झाला! पहिली बाटली भरली आणि नारळाच्या आड जाऊन ओकलो. ऊन होतं ते, विनू. आताच उतरलेल्या इडलीसारखं. इडली आता नकोच.

मग तिनं विचारलं, गेल्या रविवारी नेलंत त्यात काय निघालं? तिची तांबडी गाय चारा टाकते आहे. गेल्या वर्षीही कुठलीशी कॉलेजची पोरं शेण घेऊन गेली, ती फिरकलीच नाहीत. काय सांगू? तिच्या गाईचं उत्तर तर मी कचऱ्यात घातलं होतं. आणि तुझे सर आठवले. खोटा आकडा लिहून मोकळं व्हायचं, आणि गाय इथं उपाशी उभी. अशी शिसारी आली, की पुढच्या नऊ बाटल्यांचा वास नाकाला लागलाच नाही.

चिठ्ठ्यांवर गाय आणि मालक, दोघांचीही नावं तपासून लिहिली आहेत. नीट मोज, निघेल तेच लिही. विषय राहिला तर अप्पांना मी तोंड देईन.

तुझा लोभ हवा, बाटल्या नकोत.

भरद्वाज


तिरुच्ची,
१४ मार्च

ती. अण्णास सा. न. वि. वि.

चाळीसही मोजून झाल्या. आज दुपारी प्रकल्प दिला. सरांनी गठ्ठ्यातल्या एकाचंही पान उलटलं नाही. रम्याच्या बसतिकिटांवर आणि माझ्या शेणावर तीच सही, तेच गुण. रम्या म्हणाली, बघ, आम्ही नुसती मजा केली आणि गुणही घेतले. मला नुसतं मळमळलं. परीक्षेला मात्र बसते आहे. अप्पांना तेवढं सांग.

शेषम्माच्या तांबड्या गाईच्या शेणात अंडीच अंडी आहेत. शेजारच्या दोन गाईंच्याही. गुरांच्या सरकारी दवाखान्यात औषध मिळेल, गाय घेऊनच जा म्हणावं. पत्र टाकून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही. तुलाच जावं लागेल. ती कॉफी देईल, आणि ती गोठ्यातच बसून प्यायची असते. तोंड वाकडं करू नकोस.

आशीर्वाद हात धुऊन पाठवलास तरी चालेल.

तुझी,
विनुता