सकाळची चूल तुमची, संध्याकाळची माझी

प्रिय सुशीलाताई,

आज घरात कोणी नाही. अड्याळला आत्याबाईंच्या भाचीचं लग्न आहे, सारे सकाळच्या बसने गेले. पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी मागे राहिले. पेपर तसेच पडलेत. पडू देत! तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायला बसेन बसेन म्हणते, पण बसायचं कधी? वर्ष होत आलं ताई, आणि अशी रिकामी दुपार आज पहिल्यांदा हाती लागली.

मी फार थकले आहे. हे वाक्य या घरात कोणाला ऐकवायची सोय नाही, म्हणून तुम्हाला ऐकवते.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी लग्न होऊन भंडाऱ्याच्या या घरात आले. तुम्ही थोरल्या जाऊबाई, दवाखान्यात नर्स. मी नवी सून, पूल ओलांडून पलीकडे कारध्याच्या शाळेत मास्तरीण. दोन्ही सुना नोकरीवाल्या! गल्लीतल्या बायका आपल्या सासूला, आत्याबाईंना, विचारायच्या, "काहून वो, मंग तुमच्या घरी स्वयंपाक कोण करते?" आत्याबाई म्हणायच्या, "दोघी बी करते." आणि खरंच आपण दोघी सगळंच करायचो. तुम्ही पोळी लाटता लाटता तुमच्या मंदाला न्हाऊ घालायला धावायच्या, मी केर काढता काढता भाजी हलवायला. दूध उतू जायचं, मंदा अर्ध्या अंगाला साबण लावून मोरीत रडत बसायची.

ती खारट भाजी आठवते का? वांग्याची होती. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"विमल, मीठ टाकलं होतं का वो तू?"

"हो ताई."

"मी बी टाकलं न वो, बाई!"

आणि तुम्ही इतक्या हसलात, इतक्या हसलात की पदर तोंडात कोंबावा लागला. मला मात्र रडू येत होतं. नव्या सुनेला कसलं हसू सुचतंय!

त्याच संध्याकाळी तुम्ही मला अंगणात बोलावून सांगितलंत, "हे पाह्य, दोघींनी सारं करायचं म्हणून कोणाचंच धड होत नाई. आजपासून सकाळची चूल माझी. तू सकाळी स्वयंपाकघरात पाय नको टाकू. मंदाचं आवर, तुझं आवर अन् शाळेत जा. संध्याकाळची चूल तुझी. तवा मी येणार नाई, दूध जळलं तरी येणार नाई."

मी म्हटलं, "आणि आत्याबाई काय म्हणतील?"

"म्हणू दे. दवाखान्यात मी एकाले सुई टोचत असतो तवा दुसऱ्यानं किती बी हाका मारू दे, मान वर नाई करत. तिथं जमते, मंग घरी काहून नाई जमावं?"

आत्याबाई म्हणायचं ते म्हणाल्याच. "दोन दोन सुना घरात, अन् एकीनं खुशाल बसून राहायचं! असं कुठं असते का?" तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत, "आत्याबाई, दोघी मिळून खारट करतो, एकेकटी बरी करतो." तुमच्यापुढे त्या नेहमीच गप्प बसायच्या. माझ्यापुढे कधी बसल्या नाहीत!

ताई, ती वर्षं किती चांगली गेली! तुमची रात्रपाळी आली की सारं कोलमडायचं, तो आठवडा फोडणीच्या भातावर रेटायचा. पण बाकीचे दिवस? मी शाळेतून आले की तुम्ही मला ओसरीवर बसवायच्या. हातात चहा द्यायच्या. मी कपबशी घेऊन तांदूळ निवडायला लागले की सूप ओढून घ्यायच्या. "चहा पिते तवा चहा पी. तांदूळ कुठं पळून नाई चालले." माझा राजू झाला तेव्हा पुन्हा नोकरीवर जाताना माझे पाय निघत नव्हते. तुम्हीच म्हणालात, "शाळेत गेली की घर विसर. घरी आली की शाळा विसर. दोन्हीकडे अर्धी अर्धी राहशील तर दोन्हीकडून बोल खाशील."

किती सोपं वाटायचं तुमच्या तोंडून! आणि मी तुमच्याकडे पाहून मनात म्हणायची, यांना कसं जमतं? एवढ्या माणसांच्या पोळ्या, दोन भाज्या, डबे, आणि नवाच्या ठोक्याला इस्त्रीची पांढरी साडी नेसून दारात उभ्या! चेहऱ्यावर घाम नाही, कपाळावर आठी नाही. मला संध्याकाळच्या एका वरणभाताने दम लागायचा. मी स्वतःलाच कोसायची, माझ्यातच काही कमी आहे म्हणून.

मग मागच्या श्रावणात तुम्हाला कावीळ झाली. माहेरी आंधळगावला नेलं, तिथलं औषध दिलं, परत आणून दवाखान्यातलं दिलं. ज्या दवाखान्यात तुम्ही जन्मभर दुसऱ्यांना उभं केलंत, तिथेच आडव्या झालात. आणि गेलात. मला नीट बोलूही दिलं नाहीत! शेवटच्या भेटीत एवढंच म्हणालात, "मंदाकडे लक्ष दे." एवढंच? चुलीचं काय ते का नाही सांगितलं? तुमची सकाळ कोणी घ्यायची ते का नाही सांगितलं?

कोणी विचारलंच नाही, ताई. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माझ्याकडे पाहत बसले होते. मी चूल पेटवली. दोन्ही वेळची चूल माझी झाली, तुमची मंदा माझी झाली. शाळा होतीच. माझे हे गोंदियाला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी येणार, सोमवारी पहाटे जाणार. त्यांना तरी काय सांगायचं?

पुन्हा सगळं एकदम सुरू झालं. एका हाताने पोळी, दुसऱ्या हाताने डबा, तोंडाने राजूचे पाढे. बसमध्ये बसून दुसऱ्या दिवसाची भाजी ठरवायची. वर्गात फळ्यावर लिहिताना मनात, घरचं रॉकेल संपलं का, तेच घोळत राहायचं. मुलं म्हणायची, "बाई, हे गणित तुम्ही आत्ताच सोडवलं." मी पुसायची आणि पुन्हा तेच लिहायची.

भासऱ्यांची तर वेगळीच अडचण. तुमचे यजमान, माझे थोरले दीर. या घरात मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि एक शब्द सरळ बोलले नाही. जे काय असेल ते तुमच्यामार्फत. आता मधे कोण? मंदा! "मंदा, तुझ्या बाबाले विचार, भात वाढू का." ते समोरच बसलेले. तेही ताटाकडे पाहून म्हणायचे, "मंदा, काकूले सांग, थोडा वाढ म्हणा." ती बिचारी पाटावर बसून इकडचं तिकडे करायची. हसाल तुम्ही! पण हसण्यासारखं नव्हतं ते.

आता जे सांगते ते ऐकून रागावू नका. दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी मी मंदाची वेणी घालत होते. रिबीन दातात, नजर वरणाच्या पातेल्यावर, कान राजूकडे. मंदा म्हणाली, "काकू, डोकं दुखून राहिलं." मी म्हटलं, "हो हो, झालं आता." तिला वाटलं वेणी झाली. मलाही वाटलं वेणीचंच बोलतोय आपण. तिला शाळेत पाठवून दिलं. संध्याकाळी घरी आले तर ती आत्याबाईंजवळ गोधडीत पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. दुपारीच शाळेतल्या शिपायाने आणून सोडली होती. मी कपाळावर हात ठेवला तर डोळे उघडून म्हणाली, "काकू, मी सांगितलं होतं न."

रागाने नाही म्हणाली हो. म्हणूनच सहन झालं नाही. सकाळी तिचं डोकं दोन्ही हातांत होतं माझ्या, ताई! नर्सबाईची लेक, आणि तिचा ताप मला हाताला कळला नाही?

तीन-चार दिवसांत ती खडखडीत बरी झाली. मी नाही झाले. मी मनाशी ठरवूनच टाकलं, नोकरी सोडायची. रविवारी सकाळी हे घरी होते, सारे अंगणात चहाला बसले होते, तेव्हा बोलून टाकलं. "सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगते. माझ्याने दोन्ही होत नाही."

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "बरं केलं. पोरं आधी." हे बशीत चहा ओतत म्हणाले, "तुले जमत नसन तर सोड बाप्पा. मी काही जबरदस्ती नाई करत." बस, एवढंच. माझी इतक्या वर्षांची नोकरी चहाच्या एका बशीत संपली. मी कपबशा उचलायला लागले.

आणि भासरे बोलले. मंदाला मधे न घालता.

"सूनबाई, नोकरी सोडू नका."

पदर सावरायचं भान राहिलं नाही. ते खाली मातीकडे पाहत होते, पण बोलत माझ्याशी होते.

"सकाळची चूल मी घेतो."

आत्याबाई एवढ्या मोठ्याने हसल्या! "तू? तुले चहा तरी येते का रे?"

"आई, मंदाची आई होती तवा सकाळची कणीक कोण मळत होतं?"

"कोण म्हणजे? सुशीला."

"मी मळत होतो. भाजी बी मीच चिरून देत होतो. तू उठायच्या आधी."

यांचा चहा बशीतच राहिला. मी मात्र उभ्या उभ्या सगळी वर्षं मागे फिरले. भासरे रोज पहाटे उठायचे, आम्हाला वाटायचं फिरायला जातात. तुम्ही मला सकाळी स्वयंपाकघरात पाय टाकू दिला नाही, मला वाटायचं माझ्यावर माया म्हणून. मायाही असेल, पण आत ते पाटावर बसून कणीक मळत असायचे!

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. "ताई कधी बोलल्या नाहीत."

"तिनंच सांगू नको म्हटलं होतं." ते मातीत बोटाने रेघा ओढत राहिले. "आईले वाईट वाटन, म्हणे. लोक तुम्हाले हसतीन, म्हणे. अन् तिच्या मागं मी बी गप्प बसलो. तुम्ही एकट्या मरमर करून राहिल्या ते दिसत होतं, पण कोणत्या तोंडानं उठू? आता नाई बसत गप्प."

आत्याबाई उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

ताई, तुमच्यावर रागावू की नको? तुम्ही मला एवढं सगळं सांगितलंत, चहा कसा प्यावा तेसुद्धा सांगितलंत. मग एवढं एक का लपवलंत? मी तुमच्या त्या घाम नसलेल्या कपाळाकडे पाहून स्वतःला नावं ठेवत राहिले. तुम्ही गेल्यावर तर जास्तच. ताईंना जमायचं, मला का जमत नाही! अहो, तुम्हाला तरी एकटीला कुठे जमत होतं? चार हात होते तिथे! तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी यांना तेव्हाच म्हटलं असतं, उठा, शनिवारी आलात तर रविवारची चूल पेटवा.

पण नवऱ्याची लाज राखायची होती तुम्हाला. कळतं मला. रागावते आणि कळतंही.

आता सकाळी भासरे स्वयंपाक करतात. कणीक इतकी मऊ मळतात की माझ्याने होणार नाही. भाजीत तेल मात्र डोळे मिटून ओततात. आत्याबाई दोन दिवस रुसल्या, तिसऱ्या दिवशी पोळी मोडली आणि म्हणाल्या, "मऊ आहे." पुढे काही नाही. गल्लीत हसतात लोक. भासऱ्यांच्या ऑफिसातही कोणीतरी चिडवलं म्हणे. एक दिवस ते खालमानेने घरी आले, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा पाटावर होते. हे रविवारी पाणी भरतात. चुलीपाशी अजून आले नाहीत, येतील की नाही ठाऊक नाही.

सकाळी मी फक्त पोरांजवळ असते. मंदाची वेणी घालते तेव्हा तिच्याशीच बोलते. परवा तिने शाळेतल्या एका मैत्रिणीचं भांडण सांगितलं, केवढं लांबलचक! मी सगळं ऐकलं.

थकवा गेला असं समजू नका. शाळा आहे, संध्याकाळची चूल आहे, आत्याबाईंचे गुडघे आहेत. आणि शाळेतून आल्यावर ओसरीवर कोणी सूप ओढून घेत नाही. तुमच्यासारखं नवाच्या ठोक्याला हसत उभं राहणं मला कधी यायचं नाही. मी धापा टाकतच बस पकडणार. पण नोकरी सोडली नाही.

एक शब्द देते, ताई. मंदा मोठी होईल, कमावेल, कोणाच्या घरी जाईल. तिच्यापुढेही असाच एखादा सकाळचा डोंगर उभा राहील. तेव्हा तिची आई एकटी सगळं करायची, अशी गोष्ट मी तिला सांगणार नाही. तुम्ही स्वयंपाकघराचं जे दार लावून ठेवलंत ते मी सताड उघडं ठेवणार आहे. आत कोण बसलं होतं ते तिने पाहिलं पाहिजे. माझ्या राजूनेही पाहिलं पाहिजे. त्याबद्दल तुम्हाला माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

तुमची धाकटी जाऊ,
विमल