नाथाचं जावळ

सातारा
६ फेब्रुवारी १९७९

प्रिय रूथ,

सप्रेम सलाम. तुमच्या मेट्रनबाईंचं पत्र आलं आणि मागोमाग तुझं. लहान मुलांच्या वॉर्डात जायला तू तीनदा नकार दिलास, आणि आता नर्सिंगच सोडून घरी येते म्हणतेस. शनिवारी न्यायला या म्हणून पप्पांना कळवलंस, त्यांनी शाळेत रजाही टाकली. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी माझं पत्र पोचू दे. तुला वाटेल, आई आता चांगली फैलावर घेणार. नाही गं. तुझ्या पत्रातली एकच ओळ मी आठ दिवस वाचतेय, ‘माझा हात लेकरांना धार्जिणा नाही.’ अगं, अठरा वर्षांच्या मुलीनं लिहायची का ही ओळ?

इकडे सगळं ठीक. तुझा धाकटा भाऊ शमुवेल चाचणीत नापास होता होता वाचला. परवा उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, उन्हाळ्यात मुलांना पुन्हा कुठंतरी सेवेला न्यायचं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आटपाडीला मीच पुढे होते ना. मी पदर सावरला आणि उठून घरी आले.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यातली ती सुट्टी तुला मी नव्यानं काय सांगू? पण मला सांगायचंय, ऐकून घे. आपल्या चर्चच्या मंडळीतली पाच कुटुंबं मुलाबाळांसकट आटपाडीच्या दुष्काळी कामावर गेलो. मुलांनी नुसती वर्गणी द्यायची नाही, स्वतःच्या हातानं वाढायचं, हा पप्पांचा हट्ट. बायामाणसं उन्हात खडी फोडायची आणि आपण त्यांच्या पोरांना दूध आणि भाजक्या पिठाची सुकडी द्यायचो. पाणी टँकरचं, पिवळट, तेसुद्धा मोजून. तुम्हा मुलींकडे पोरांना अंघोळ घालायचं काम होतं. बारा वर्षांची तू, घरी स्वतःची वेणी घालायला रडायचीस, आणि तिथं शेंबडी पोरं मांडीवर घेऊन बसायचीस. मला काय अभिमान वाटायचा! देव माफ करो, त्या अभिमानानंच सगळं केलं.

रंगुबाईचा नाथा तुलाच चिकटला होता. अडीच वर्षांचा, काडीसारखे हातपाय, आणि डोक्यावर केसांचं हे एवढं जंजाळ. उवांनी वळवळणारं, खाली फोड, फोडांतून पू. तू फणी लावलीस की किंचाळायचा. त्या दिवशी तू हातात कात्री घेऊन माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, आई, कापू का? मी पिंपात दुधाची पावडर कालवत होते. मानही वर केली नाही. म्हटलं, काप की, विचारत काय बसलीस! तू कापलेस, डोकं धुतलंस, औषध लावलंस. तो पहिल्यांदा शांत झोपला, तुझ्याच मांडीवर.

संध्याकाळी कामावरून आलेल्या रंगुबाईनं त्याला पाहिलं आणि कापलेले केस मातीत शोधायला लागली. ते जावळ होतं. खरसुंडीच्या सिद्धनाथाला बोललेलं. मामा पलटणीतून सुट्टीवर येईल, त्याच्या मांडीवर बसवून देवाच्या दारात काढायचं होतं. आपल्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या तुला जावळाचा नवस कुठून माहीत असणार? नवव्या दिवशी गोवरानं नाथा गेला. त्या आठवड्यात कामावरची सहा पोरं गोवरानं गेली, त्यातल्या पाच जणांच्या केसाला कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं, आणि आता तर तू ते स्वतः शिकलीयस. पण ते डोक्याला कळतं, हाताला कळत नाही.

मग लोक खवळले. किरिस्तावांनी मुद्दाम केलं, पोरं बाटवायला आलेत, असं कामावर पसरलं. आपलं दूध कुणी घेईना. पप्पा तुला नाथाच्या घरच्यांपुढे घेऊन गेले आणि तू हात जोडून म्हणालीस, मी न विचारता कापले, माझं चुकलं. न विचारता! तू मला विचारलं होतंस रूथ. मी तुझ्या मागं चार हातांवर उभी होते. तू एकदा वळून माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा समोर बघायला लागलीस. घरी आल्यावरही पप्पांना कधी सांगितलं नाहीस. मी मनाची समजूत घातली, पोरीकडून झालं म्हटलं तर लोक चूक म्हणून सोडून देतील, मोठ्या बाईनं सांगितलं म्हटलं तर मंडळीचं कामच बंद पडेल. काम चाललं. दोन दिवसांनी लोक दूध न्यायला आले.

इथवरचं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. तू माफी मागितल्यावर पप्पा तुला आपल्या सामानाच्या ट्रकमध्ये बसवायला घेऊन गेले, आणि इकडे रंगुबाईची सासू तिच्यावर उलटली, की तूच पोराचं जावळ यांच्या हवाली केलंस. रंगुबाई रडत म्हणाली, ‘आवं, मी मास्तरीणबाईस्नी आदल्या दिशीच सांगितलं हुतं, केसाला हात लावू नगा, नवसाचं हाय.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिचा नवरा जोतीरामही पाहत होता. आणि मी म्हणाले, मला काही आठवत नाही.

मला आठवत होतं रूथ. तिनं सांगितलं होतं. देवाच्या नावानं उवा पोसतात मेले, असं मनात म्हणून मी ते कानाआड केलं होतं. तुला ‘काप’ म्हणाले ते जाणूनबुजून. जोतीरामनं तिला त्याच महिन्यात माहेरी कुंडलला नेऊन टाकलं ते कायमचं. त्यानं दुसरी केली. गेल्या बुधवारी मी कराडहून एस. टी. नं कुंडलला गेले. ती भावाच्या उसात खुरपत होती. बांधावर उभं राहून मी सगळं कबूल केलं. ती खुरपं हातात धरून उठली. मग म्हणाली, ‘सा वर्सं झाली, बाई. आता कुणाम्होरं सांगताय?’ मग तिनं तुझं विचारलं. तू लेकरांना हात लावत नाहीस म्हटल्यावर माझ्यावरच ओरडली, ‘त्या पोरीनं काय केलंय? माझा नाथा तिच्याच मांडीवर निजायचा. तिला म्हणावं, तुझ्यावर माझा राग न्हाई. ह्या बाईवर हाय.’ आणि पुन्हा खाली बसून खुरपायला लागली.

काल पप्पांना सांगितलं. ते ताटावरून उठले. हात धुऊन एवढंच विचारलं, पोरीला कधी सांगणार? म्हणून हे पत्र. शनिवारी कुणी न्यायला येणार नाही, तू पेटी भरू नकोस. तुझ्या हातांनी काही केलेलं नाही, केलं ते मी. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, सुट्टीत घरी आली नाहीस तरी मी समजेन. पण त्या वॉर्डात जा.

तुझीच,
आई