गुण आतले, ब्रीफकेस विनायकची

४ फेब्रुवारी १९८८, गुरुवार
गुरुनाथशेठनी घड्याळ घ्यायला पगारातून उचल दिली नाही. दिवसभर विचार केला आणि पटलं, माणसाची किंमत मनगटावर नसतेच. ती आतल्या गुणांवर. गलाईच्या धंद्यात असून हे मला आधीच कळायला हवं होतं. आपण रोज सराफांचं जुनं सोनं वितळवतो. भट्टीत पॉलिश जातं, उरतं ते खरं. आजपासून दिखावा बंद. माझे गुण: १) प्रामाणिकपणा. २) धैर्य. ३) नंतर लिहीन, तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरतायत.

६ फेब्रुवारी
विट्याहून पत्र. रघुनाथमामा बारा तारखेला येतायत. पोरगं परमुलखात कसं राहतं ते बघून त्यांची लेक नीला मला द्यायची का ते ठरवणार. उत्तम. मी जसा आहे तसाच दिसणार. मळका शर्ट, चप्पल.
शेजारच्या सराफाला अतिरेक्यांची खंडणीची चिठ्ठी आली म्हणे. काल दुकान उघडलं नाही, आजही नाही. शेठ म्हणाले, सहाला शटर खाली.

९ फेब्रुवारी
जसा आहे तसा, हे ठीक. पण ते कळायला वेळ लागतो आणि मामा दोन-तीन दिवसच राहणार. गुणांकडं लक्ष वेधायला एखादी वस्तू लागते. विनायक माझ्याबरोबर भट्टीवर असतो, आमच्याच तालुक्यातला, खोलीही एकच. त्याच्याकडं काळी ब्रीफकेस आहे. झाकणाला आतून स्वतःचा फोटो आणि दुकानाचं कार्ड चिकटवलंय. मागितली. म्हणाला, "ने की यार, त्यात इचारायचं काय?"
रिकामी फार हलते, लोकांना कळतं. आत अर्धी वीट घातली, पेपरात गुंडाळून. चालच बदलली माझी.

११ फेब्रुवारी
पोलिसांनी बस मध्येच थांबवली. सगळ्यांना खाली उतरवून झडती. एका म्हाताऱ्याला बाजूला घेतलं, बस त्याच्याशिवायच निघाली. कुणी मागं वळून बघितलं नाही. ब्रीफकेस खोलीवर होती. असती आणि विचारलं असतं, तर सरळ सांगितलं असतं, आत वीट आहे. प्रामाणिकपणा.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी सात
मामा आले. स्टँडवर मला बघून म्हणाले, "काय रं, हापिसर झालास व्हय?" मी नुसता हसलो. हसण्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.
तिथूनच सेक्टर १७चा मोठा बाजार दाखवायला नेलं. कारंज्याजवळ बाकावर बसलो, मग छोले-भटुरे खायला उठलो. हात धुताना आठवलं, ब्रीफकेस बाकावरच राहिली. परत आलो तर पोलिसांनी भोवती दोरी बांधलेली. शिट्ट्या, वाळूची पोती. लाउडस्पीकरवर, "काला ब्रीफकेस जिसका भी है, सामने आए." एक बाई मुलाला ओढत पळाली, मुलाची एक चप्पल तिथंच राहिली. एवढा मोठा चौक, पण फक्त कारंज्याचा आवाज.
दोन पावलं पुढं गेलो. मग विचार केला. धैर्य हा आतला गुण आहे. चारचौघांत काढून दाखवला की तो दिखावा. आणि दिखावा मी चार तारखेलाच बंद केलाय. मामांनी विचारलं, "तुझी पेटी कुठाय?" म्हटलं, "दुकानात पाठवली. चला, चहा घेऊ."

१३ फेब्रुवारी, सकाळी
सहालाच पोलीस आले. फोटो होताच, विनायकला उचललं. एक जण सारखा विचारत होता, "ईंट क्यों रखी? बम की ट्रायल ले रहे थे? किसके कहने पर?" विनायकनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मेरी है जी. भूल गया."
मी बोलणार होतो. शब्द आत तयार होते. जीप गेली.
मामा स्टोव्हजवळ बसून होते. "काल तुझ्या हातातली बी काळीच हुती न्हवं?" म्हटलं, "मामा, काळ्या सगळ्या सारख्याच दिसतात."

त्याच दिवशी, दुपारी
मागच्या गल्लीतला एक पोरगा डिसेंबरात असाच नेला होता. त्याची आई अजून रोज ठाण्यासमोर बसते. संध्याकाळी ठाण्यावर जाणार. पक्का.

संध्याकाळी
सहानंतर बाहेर पडणं बरं नाही. उद्या आठला.

१४ फेब्रुवारी
आठला चप्पल सापडेना. सापडली तेव्हा शेठ आणि मामा पुढं गेलेले.
दुपारी तिघं परत आले. विनायक भिंतीला धरून चालत होता. उजवा कान सुजलेला. मी पाणी दिलं. प्यायला.
शेठनी सांगितलं, मामा ठाण्यात म्हणाले, "पेटी माझ्या भाच्याच्या हातात हुती. वीट त्यानंच घातली, वजनदार दिसावं म्हणून. पोरगं येडं हाय साहेब, अतिरेकी न्हाई." शेठनी हिंदी करून सांगितल्यावर साहेब हसायला लागला. हसता हसता सही केली.
मी दिवसभर तयार होऊन बसलो होतो. मला न्यायला कुणी आलं नाही.

१५ फेब्रुवारी
मामा सकाळी गेले. माझ्याशी बोलले नाहीत. मनात बोलले असतील. स्टँडवर पोचवायला विनायक गेला, तसाच लंगडत. आल्यावर विचारलं, मला काही निरोप?
म्हणाला, "तुला न्हाई. मला जन्मयेळ इचारली. मला कुठली ठावं? आईला पत्र टाकाय पायजे."
त्याला लिहिता येत नाही. माझं अक्षर चांगलं आहे. लिहायला बसलोय.