मागच्या सीटची तपासणी

३ नोव्हेंबर २०१४, सोमवार

मोटारसायकल घ्यायचा विचार नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःशी वाद नको. स्कूटर जुनी आहे पण चालते. सकाळी डावीकडे नीट कलती केली, पेट्रोल खाली उतरलं, की किक बसते. असं गाड्यांचं एक तंत्र असतं. ते नव्या लोकांना कळत नाही.

तरी बाजारात काय आलंय याची माहिती ठेवायला हरकत नसावी. निमित्त एवढंच, की शुक्रवारी कंपनीची बस चुकली म्हणून माझी बायको रुपाली हिंजवडीहून अभिनवच्या मोटारसायकलवर घरी आली. अभिनव तिच्या टीममध्ये आहे. वय तीस. आपल्या मागच्या गल्लीत राहतो. हे सगळं तिने स्वतःहून सांगितलं. त्याआधी आप्पासाहेबांनी सांगितलं होतं. आप्पासाहेब पहिल्या मजल्यावर राहतात, निवृत्त आहेत आणि गॅलरीत बसतात. म्हणाले, वहिनी मोटारसायकलवरून आल्या, बरोबर एक तरुण होता, गाडी छान होती. गाडी छान होती हे म्हणताना त्यांनी माझ्या स्कूटरकडे का पाहिलं?

मी संशयी नाही. खडकीला कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य गेलं, म्हणून लोकांना तसं वाटतं. तपासणी आणि संशय यांत फरक आहे. तपासणीत शेवटी शिक्का मारून मोकळं होतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शुक्रवारी अभिनवचा हात मुरगळला म्हणे. ऑफिसात टेबल टेनिस खेळताना. त्यामुळे हा आठवडाभर आम्ही दोघं त्याच्याच गाडीवर जाऊयेऊ, असं रुपालीने पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मी बरं म्हणालो. आवाज अगदी साधा ठेवला.

जेवण झाल्यावर विचार केला. कुठला हात, असं सहज विचारलं. डावा म्हणाली. डाव्या हाताने क्लच दाबतात. हात मुरगळलेला माणूस हिंजवडीपर्यंत क्लच कसा दाबेल? खोटं सांगायचं तर निदान पाय मुरगळला म्हणावं. मी विश्वास ठेवला असता.

गाडी दिसायला जुनी, गोल दिव्याची, पण पळते फार, असंही म्हणाली. क्लच जरा कडक आहे, दुसरा गिअर अडकतो. मागे बसणाऱ्या बाईला दुसरा गिअर अडकतो हे कसं कळलं? म्हणजे तो सांगत असणार. म्हणजे दोघं बोलतात. वाऱ्यात बोलायचं तर तोंड कानापाशी न्यावं लागतं.

मी सकाळी तिच्या आधी निघतो, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मुद्दाम थांबून पाहणं मला पटत नाही. गुरुवारी रजा घेतली आहे, ती दुसऱ्या कामासाठी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कर्वे रोडवरच्या शोरूमला गेलो. तीच गाडी. लहान, गोल दिवा, तपकिरी सीट, टाकीवर चकचकीत पट्टी. जुनी दिसणारी नवी गाडी. असं कोणी का करेल? माझी स्कूटर जुनी दिसते कारण ती जुनी आहे. त्यात लपवाछपवी नाही.

विक्रेता राकेश. आधी काका म्हणाला, मी पाहिल्यावर सर म्हणाला. लुक रेट्रो आहे सर, पण इंजिन एकदम स्पोर्टी, कान पिळायचा अवकाश. कोणाचा कान, हे मला लगेच कळलं नाही. अ‍ॅक्सिलरेटरचा. इंजिनाबद्दल तो बराच वेळ बोलला. मी विचारलं, मागे बसणाऱ्याला धरायला दांडी कुठे आहे? म्हणाला, दांडी नाही सर, लुक जातो. मग धरायचं कशाला? पुढच्याला, म्हणाला आणि हसला. हसण्याचं कारण विचारायला हवं होतं.

टेस्ट राइड देतो म्हणून त्याने किल्ली पुढे केली. मी म्हणालो, चालवा तुम्ही, मी मागे बसतो. तो किल्लीकडे पाहत राहिला. म्हणाला, इतक्या वर्षांत हे पहिलंच. मी म्हणालो, तपासणी अशीच करायची असते. शनिवारी या म्हणाला, तोवर साहेबांना विचारतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या सीटची चाचणी पूर्ण. निष्कर्ष ताजे आहेत तोवर लिहितो.

सीट पुढे उतरती आहे. ब्रेक लागला की मागचा माणूस घसरून पुढच्यावर जातो. मी राकेशच्या आणि माझ्या मध्ये ऑफिसची बॅग ठेवली होती. कर्वे पुतळ्यापर्यंत बॅग शाबूत होती. तिथे राकेशने सिग्नल सुटल्यावर काय केलं देव जाणे, पण नळस्टॉपला पोचेपर्यंत बॅग चपटी झाली होती, आतल्या केळ्याचा विषय संपला होता आणि मी दोन्ही हातांनी राकेशची कंबर धरली होती. तो म्हणाला, सर, जरा सैल धरा, श्वास घ्यायचाय.

निष्कर्ष: या गाडीवर मागच्याने पुढच्याला न धरणं शक्य नाही. यात रुपालीचा दोष नाही. दोष आराखड्याचा आहे. मन मोकळं झालं.

मोकळं झालं असं वर लिहिलंय. पुन्हा वाचलं. फार नाही झालेलं.

लग्नापासून ती माझ्या मागे बसली. स्कूटरवर तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर असायचा. खड्डा आला की बोटं रुतायची, म्हणजे मला खड्डा आधी खांद्यात कळायचा. हिंजवडीची नोकरी लागल्यापासून बस. रविवारीही म्हणते, चालतच जाऊ, तुमची स्कूटर सुरू होईपर्यंत भाजी संपेल. खांदा बरेच दिवस रिकामा आहे. हा मुद्दा तपासणीच्या बाहेरचा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आप्पासाहेब कधी नव्हे ते काल गॅलरी सोडून नळस्टॉपला गेले होते. आज जिन्यात मला थांबवून म्हणाले, काल पाहिलं तुम्हाला. कोणाला एवढं घट्ट धरून चालला होतात? आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही एवढे जवळ नाही.

रुपाली मागेच होती. घरात आल्यावर म्हणाली, कोण होता हो? मी म्हणालो, राकेश. कोण राकेश? मी म्हणालो, ओळखीचा. ती बराच वेळ हसली. इथे तपासणी कोणाची चालली आहे, हेच समजेनासं झालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुरावा सापडला. शोधत नव्हतो. चपला ठेवताना दिसला.

रुपालीचे ऑफिसचे पांढरे बूट. डाव्या बुटाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या जरा मागे, काळा घासल्याचा डाग. उजवा स्वच्छ. मागे बसणाऱ्याचे पाय खाली टेकलेले असतात. डाग तळाला पडेल, फार तर बाजूला. वर पडायचा तर वरून काहीतरी घासायला हवं. वरून काय येणार? दुसऱ्याचा बूट. पायावर पाय. चालत्या गाडीवर हे जमत नाही, म्हणजे जागेवर असताना. म्हणजे कँटीनमध्ये. टेबलाखाली.

मला हे लिहायची लाज वाटते. पण डाग आहे. डागाला लाज नसते.

जेवताना विचारलं, बूट कशाने खराब झाला? म्हणाली, गाडीने, आणि कोशिंबीर वाढली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं. आरोप करायचा नाही. आपणच ही गाडी घ्यायची आणि तिला रोज हिंजवडीला सोडायचं. खडकी उलट्या दिशेला आहे, पण तो तपशील आहे. ती मागे बसेल, धरायला दांडी नसेल, बाकी आराखडा पाहून घेईल.

शनिवारी चालवून पाहणार. ऑफिसात सांगून टाकलं. सहकारी रंगनाथ म्हणाला, मोटारसायकल येते का तुम्हाला? येते. कॉलेजात मित्राची चालवली आहे, मैदानावर. पहिल्याच गिअरमध्ये, पण चालवली.

स्कूटरचा गिअर हातात, हिचा डाव्या पायात. संध्याकाळी दिवाणावर बसून डाव्या पायाने सराव केला. खाली, वर, वर. रुपाली म्हणाली, पायाला मुंग्या आल्या का? मी हो म्हणालो. तिने तेल आणून दिलं. तेल आणणारी बाई टेबलाखाली असं काही करेल का? पण तेल जरा जास्तच लगेच आणलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

आत्मविश्वास चांगला आहे. ऑफिसचे काळे बूट पॉलिश करून घातले. जेवायच्या आत बुकिंग करून येतो. रुपालीला काही सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

गाडी चांगली आहे. हे निःपक्षपातीपणे लिहितो.

या वेळी मी पुढे, राकेश मागे. बॅग त्यानेच मध्ये ठेवली. मी दोनदा डावी मूठ पिळली. ती फिरतच नाही. राकेश कानाशी म्हणाला, सर, पायात, पायात. (वाऱ्यात बोलायला तोंड कानापाशी आणावंच लागतं. नोंद घेतली.) मग पायाने जमलं. गाडी खरंच पळते. क्षणभर बरं वाटलं. वारा लागला. मला वाटलं, रुपालीला हे आवडत असेल तर तिचं काही चुकत नाही.

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला बंद पडली. मागे हॉर्न. बटण दाबायचं मला माहीत होतं. पण मागून एवढे हॉर्न वाजत असताना हात आणि कंबर विचारत नाहीत, जे रोज करतात तेच करतात. मी गाडी डावीकडे कलती केली, पेट्रोल खाली उतरावं म्हणून.

स्कूटर थांबते त्या जागी ही थांबली नाही. जात राहिली. राकेश बसमधून उतरावं तसा शांतपणे उतरला. मी गाडीबरोबर गेलो. बॅग माझ्यावर आली.

कोणाला लागलं नाही. एक स्कूटरवाले गृहस्थ, माझ्याच वयाचे, थांबून म्हणाले, अहो, ही कलती करायची नसते. राकेशने गाडी उचलली. येताना त्याने चालवली, मी मागे बसलो. धरायला संकोच वाटला नाही. शोरूममध्ये त्याने मला चहा दिला आणि विचारलं, सर, घरात आणखी कोणी चालवणारं आहे का?

नाही म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

बूट पॉलिश करायला घेतले. डाव्या बुटावर, बोटांच्या जरा मागे, पॉलिश पार घासून गेलं होतं. उजवा जसाच्या तसा.

गिअर. वर टाकायला पायाचा वरचा भाग दांडीखाली घालावा लागतो. स्कूटरवर एवढी वर्षं काढल्यावर हे डोक्यात येणार कसं?

रुपालीचा बूट आणून शेजारी ठेवला. डाग त्याच जागी. पोळ्या थांबवून ती दारात आली होती. म्हणाली, काय चाललंय? मी म्हणालो, गाडी तू चालवत होतीस. ती म्हणाली, मग कोण चालवणार? त्याचा हात मुरगळलाय, सांगितलं होतं ना तुम्हाला.

सांगितलं होतं.

तिचे वडील बाबुराव खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचे, त्यांची मोटारसायकल होती, हे मला माहीत होतं. तिने ती कॉलेजला नेलेली होती, हे माहीत नव्हतं. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही लग्न झाल्या झाल्या स्कूटरचं तंत्र समजावून सांगायला लागलात. मला वाटलं, असू दे.

खाली जाऊन आप्पासाहेबांना विचारलं, पुढे कोण होतं ते तुम्हाला दिसलं होतं ना? म्हणाले, न दिसायला काय झालं? तुम्ही विचारलं कुठे?

१९ नोव्हेंबर, बुधवार

सगळा उलगडा झाला. मन स्वच्छ आहे. शिक्का मारायला हरकत नाही.

फक्त एक. ती पुढे म्हणजे अभिनव मागे. मागच्याने पुढच्याला न धरणं शक्य नाही, हे मीच सिद्ध केलं आहे. डावा हात गळ्यात बांधलेला. उजवा कुठे होता?

२२ नोव्हेंबर, शनिवार

रुपालीने राकेशकडे जाऊन गाडी चालवून पाहिली. मी फुटपाथवर उभा होतो. चक्कर मारून आली, हेल्मेट काढलं, क्लच सैल करून द्या म्हणाली आणि तपकिरी सीटची बुक केली. राकेश माझ्याकडे पाहून म्हणाला, सर, नाही म्हणाला होतात.

घरी चालत येताना तिला विचारलंच. अगदी सहज. अभिनव मागे बसल्यावर कशाला धरायचा?

म्हणाली, धरायला हात होता कुठे? एक गळ्यात, दुसऱ्यात आमचे दोघांचे डबे आणि माझी पर्स. वारज्याच्या उतारावर ओरडत होता बिचारा.

मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, आता भाजीची पिशवी आणि पर्स तुम्ही धरा. पुढच्या रविवारपासून.

पिशवी डाव्या हातात धरेन. उजवा तिच्या खांद्यावर. खड्डा आला की बोटं रुतणारच, त्याला इलाज नाही. पर्सचं अजून ठरलेलं नाही.